उतर आणि उतार

२८ जून, शनिवार. व्हँकुव्हर.

समुद्रात सायकलींची मागची चाकं बुडवली! अकरा शिकलीसवरलेली माणसं, त्यात एक डॉक्टरीण, ओळीने उभी राहून चाकं भिजवतात. म्हटलं, गंजतील. उन्मेष म्हणे, "काकू, पद्धत आहे." पद्धत आहे म्हटल्यावर गप्प बसले. आपण नाही का पोळ्याला बैलांचे पाय धूत.

हा उन्मेष म्हणजे टोळीचा म्होरक्या. इथून कॅलगरीपर्यंत जायचं, हजार किलोमीटर, सोळा दिवस. त्याने सगळ्यांना एकेक वही दिली, रोजचं लिहायला. मला दिली नाही. मी मागून घेतली. तिसरीत शाळा सुटली म्हणून काय झालं, अक्षर त्याच्यापेक्षा बरं आहे.

माझं काम रांधायचं. व्हॅनमध्ये दोन शेगड्या, पीठ, डाळ-तांदूळ, चटण्यांचे डबे. व्हॅन चालवतो बापू. ब्रॅम्पटनचा, तीस वर्षं ट्रक चालवलेला. मला आक्का म्हणतो. कमी बोलतो, जास्त खातो.

आणि जाई. माझी नात. तिच्यासाठीच आले.

२९ जून

गावाचं नाव होप. म्हणजे आशा. आशाला पोचले तेव्हा एकेकाचं तोंड पाहण्यासारखं होतं!

३० जून

आज नदी पाहिली. फ्रेझर. मी आजवर नद्या पाहिल्या त्या पावसाळ्यात नद्या आणि उन्हाळ्यात दगड. ही गढूळ, डोंगर कापत चाललेली, हिचा आवाज खिडकी लावली तरी ऐकू येतो. दोन्ही काठांनी रेल्वे. या काठाला एक मालगाडी, त्या काठाला एक. डबे मोजले. एकशे बेचाळीस, मग वळणाआड गेली, तरी संपली नव्हती.

बापूला विचारलं, अजून किती कॅनडा आहे?

म्हणे, "आक्का, आपण अजून उंबऱ्यात आहोत."

१ जुलै, मंगळवार

आज यांच्या देशाचा सण. उन्मेषने व्हॅनला झेंडा लावला. मी शिरा केला.

वाटेत मोठा चढ होता. पाटी वाचून बापू हसायला लागला. डोंगराचं नाव गाढव! इंग्रजीत असं नाव सरकारी पाटीवर लिहितात, लाज नाही. जाई तो चढ सगळ्यांच्या पुढे चढली. सत्तरीची सुनंदा डॉक्टरीण दुसरी. आणि माथ्यावर आल्यावर आमच्या नातीने सायकल व्हॅनला अडकवली आणि आत येऊन बसली. उतार व्हॅनमधून.

गेल्या सप्टेंबरात उताराला पडली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, भीती राहिली. लोक चढाला भितात, ही उताराला. तिने स्वतःच सांगितलंय, "आजी, या टूरमध्ये एक मोठा उतार नाही केला ना, तर I'm selling the bike. Done." गंमत नव्हती त्यात. ही सायकल तिने पहिल्या नोकरीत हौसेने घेतलेली, घरात कुणाला हात लावू देत नाही.

मिलिंद, माझा मुलगा, म्हणतो विकू दे, सुटली. अरुणा, सून, म्हणते आई तुम्ही सोबत जा, लक्ष ठेवा. लक्ष ठेवायला आले. व्हॅनच्या काचेतून किती लक्ष ठेवणार!

२ जुलै

उन्मेषने नवं काढलंय. रस्त्यावर ओरडायचं ते मराठीत ओरडायचं. गाडी! खड्डा! उतार! पोरांना तेवढंच मराठी येईल म्हणे. जाई ओरडते, "उतर!"

मी म्हटलं, "उतार गं. तो रस्त्याचा. उतर म्हणजे सायकलवरून खाली ये."

"Same thing ना, आजी?"

"अजिबात नाही. एकात तू जातेस, एकात तू थांबतेस."

"उत्तर?"

"ते दिशेचं."

कपाळाला हात लावला. तीनदा म्हणवून घेतलं. सुनंदा हसत होती. तिला सांगितलं, तुमच्या नातवंडांचं बघा, त्यांना 'आजी'सुद्धा म्हणता येत नाही.

४ जुलै. कॅमलूप्स.

सुट्टी. धुणं. इकडे डोंगर उघडे-बोडके, आमच्या दुष्काळी भागासारखे. बरं वाटलं.

५ जुलै

गावाचं नाव माशाचा हात. यांची नावं ठेवणारा माणूस कोण होता!

पोळ्या चौऱ्याऐंशी. सगळ्या संपल्या.

६ जुलै

अस्वल! रस्त्याच्या कडेला बसून पिवळी फुलं खात होतं. म्हशीसारखं निवांत. आमच्याकडे बघितलं आणि परत खायला लागलं. त्याला आमचं काही कौतुक नाही. मला आवडलं.

७ जुलै. रेव्हलस्टोक.

उद्या रॉजर्स पास, म्हणजे खिंड. सगळे नकाशा पसरून बसलेत. सत्तर किलोमीटर चढ, मग सुटलेला उतार. उतारावर बोगदे आहेत, म्हणजे बोगदे नव्हेत, वरून बर्फ कोसळून माणसं गाडली जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर छपरं घातलीत. रस्त्याला घर! असं मी कधी ऐकलं नव्हतं.

जाई जेवली नाही. ताटात बोटं फिरवत बसली. मी तिला सांगितलं, मी बारा वर्षांची असताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन डोंगर उतरायची, रोज, अनवाणी. पायाकडे बघायचं नाही. पायाकडे बघितलं की पाय जातो. लांब बघायचं, जिथे पोचायचं तिथे.

"आणि पडलीस तर?"

"पडले की. दोनदा. गवत होतं म्हणून वाचले."

हसली. अर्धी पोळी खाल्ली.

८ जुलै, मंगळवार

आज माझं अक्षर बघू नका.

माथ्यावर पोचलो दुपारी. समोर डोंगरावर बर्फ. जुलैत! पांढरं नव्हे, निळं. आतून उजेड असल्यासारखं. हजारो वर्षांचं आहे म्हणे, पडलं ते वितळलंच नाही. मी व्हॅनमधून उतरून उभीच राहिले. फोडणीला टाकायचं तेल हातात तसंच. माझी शहात्तर वर्षं त्या बर्फापुढे म्हणजे एक शिंक. देवळातही मी हात जोडते ते पद्धत म्हणून. इथे हात आपोआप जोडले गेले, तेलाच्या बाटलीसकट.

बाकीचे उतरून गेले. राहिली जाई, मागे उन्मेष, त्याच्या मागे आम्ही. जाई म्हणाली, "व्हॅन मागे असू दे." निघाली. दोन्ही ब्रेक दाबून, इतकी हळू की मी चालत गाठली असती. मान खाली. डोळे पुढच्या चाकावर. मी काचेतून बडबडतेय, लांब बघ, लांब बघ.

तेवढ्यात उन्मेष मागून ओरडला, "गाडी!" लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक आमच्या शेजारून गेला. त्याचा वारा जाईला लागला. हँडल लटपटलं. चाक कडेच्या खडीत गेलं, परत आलं. मला ती पडलेलीच दिसली. खरंच दिसली.

खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर आले आणि ओरडले, "उतर! जाई, उतर!"

तिने मान वर केली. ब्रेक सोडले. आणि गेली!

अशी गेली म्हणून सांगू, घार खाली येते तशी. वाकून, कोपर आत घेऊन. पहिल्या छपरात शिरली, अंधारात दिसेनाशी झाली. मी बापूला शिव्या दिल्या, ज्या मी चाळीस वर्षांत तोंडातून काढल्या नव्हत्या. बापू शांतपणे म्हणे, "आक्का, आत बसा, पट्टा लावा." पलीकडच्या उजेडात एक ठिपका दिसला, पिवळ्या जॅकेटचा. मग दुसरं छप्पर. परत अंधार. परत ठिपका, आणखी लहान. दोन्ही बाजूला डोंगर आभाळापर्यंत, धबधबे लोंबतायत, आणि त्या एवढ्या सगळ्यात माझ्या रक्ताचा तो एवढासा पिवळा ठिपका, आणि तो डोंगरांना भीत नाहीये! मी बर्फ विसरले.

खाली नदीपाशी कठड्यावर बसून केळं खात होती. तोंड भरलेलं आणि हसतेय. मला येऊन घट्ट धरलं. घामाचा वास.

"आजी, तू म्हणालीस म्हणून!"

सुनंदा म्हणाली, "ताई, काय हिंमत दिलीत पोरीला! आम्ही वर्षभर समजावतोय."

मी व्हॅनमध्ये जाऊन पीठ मळायला घेतलं.

९ जुलै. गोल्डन.

वहीला सांगते. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

मी तिला जा म्हटलं नव्हतं. सायकलवरून खाली उतर म्हटलं होतं. गाडीत ये म्हटलं होतं. भ्याले होते. नवरा गेला तेव्हा, मिलिंद विमानात बसला तेव्हा, कशाला भ्याले नाही, आणि काल भिऊन कोकलले. पोरीला मराठी कच्चं म्हणून तिने उलटं घेतलं. पडली असती तर माझ्या शब्दाने पडली असती.

१० जुलै

मिलिंदचा फोन. "आई, तू ग्रेट आहेस."

भाजी करपतेय म्हणून ठेवला. भाजी नव्हतीच. वरण होतं.

११ जुलै

पुढच्या खिंडीचं नाव लाथ मारणारा घोडा. आता मला नावांचं काही वाटत नाही.

आता सगळेच प्रत्येक उताराला ओरडतात, "उतर!" उन्मेषने तसं ठरवलंय, माझ्या मानासाठी म्हणे. अकरा माणसं चुकीचं मराठी ओरडत डोंगर उतरतायत आणि मला सुधारता येत नाही! सुधारलं तर विचारतील. जाई सगळ्यांत मोठ्याने ओरडते. आणि ओरडून व्हॅनकडे बघते.

एक सरोवर पाहिलं, मोरपिशी. पाण्याला असा रंग असतो हे मला कोणी सांगितलं असतं तर खोटारडं म्हटलं असतं.

१२ जुलै

डोंगर मागे पडले. पुढे सपाट. इतकं सपाट की उद्याचं गाव आज दिसतंय.

ठरवलं. उद्या जाईला खरं सांगायचं.

१३ जुलै, रविवार. कॅलगरी.

पोचलो. अकराही जण धड.

जाई सायकल खोक्यात भरत होती. विकायची नाही, घरी न्यायची. शेजारी बसले. म्हटलं, "ऐक. त्या दिवशी मी उतर म्हटलं ते..."

"Get off. माहितीये, आजी. तीनदा म्हणवून घेतलंस की."

मग म्हटलं, "मग उतरली का नाहीस, कार्टे?"

पाना खाली ठेवला. म्हणाली,

"उतरले की."