फोटोतला गोरा माणूस

मलकापूर, मंगळवार, दिवेलागण

आज पहिल्यांदा प्रिंट अगदी फोटोसारखी निघाली, आणि तीच नको झाली.

आठ दिवस खपून स्कॅनर, स्क्रीन आणि प्रिंटर, तिघांच्या कलर प्रोफाइल जुळवल्या, म्हणजे एकाचा रंग दुसऱ्यानं बिघडवू नये. पहिलं काम सुमनकाकूंचं. त्यांच्या वारलेल्या यजमानांचा एकुलता एक फोटो, बाबांनी आपल्याच स्टुडिओत काढलेला, मोठा करून पाहिजे होता. प्रिंट मूळ फोटोशेजारी ठेवली. तसूभर फरक नाही. मी खूश.

काकूंनी प्रिंट दिव्याजवळ धरली. मग म्हणाल्या, "हे इतके गोरे काऊन दिसून राह्यले रे? ते तं सावळे होते."

"फोटोतही तसेच हायेत, काकू."

"फोटोत तं तुह्या बापानंच गोरं केलं. मले तवाच नव्हतं आवडलं, पण बोलता नाही आलं."

खरंच की. बाबा ब्लॅक अँड व्हाइट फोटोवर ब्रशनं रंग भरायचे आणि सगळ्यांनाच गोरं करायचे. चिडू तरी कसा? लग्नाच्या अल्बमात मी दुसरं काय करतो? पण आता प्रोफाइल जुळवू कशाशी? तो सावळा रंग कुठंच उरलेला नाही.

"कसे होते, सांगा ना."

त्यांनी माझं मनगट धरलं. "अस्से. तुह्या या हातावानी."

त्या गेल्यावर मी स्कॅनरच्या काचेवर हात ठेवला. प्रिंट काढली. रंग हुबेहूब आला, मनगटावरच्या तिळासकट.

पण हात माझाच.