बोट बंद होती त्या दिवशी

रविवार, १९ जानेवारी २०२५

चि. संघपाल यास,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत? रात्री तेल लावून देतोस ना, की मोबाइलमधून मान वर निघत नाही? फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मधेच ‘हां हां, कळलं’ म्हणतोस आणि माझं राहूनच जातं. म्हणून पत्र. पोचायला पंधरा दिवस लागतील, पण निदान मला कुणी मधे तोडणार नाही.

मागं तू विचारलं होतंस, त्या बेटावर तू करतेस तरी काय. दवाखान्यातून चारला सुटते आणि चालते. दुसरं काही नाही. क्वार्टरपासून बाजार, म्हणजे पाच दुकानं आणि एक सलून. तिथून नारळाच्या बागेतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून वाळूतून परत. सगळं मिळून दीड तास. आपल्याकडं घरातून निघालं की विजापूर रोडनं पाय दुखेपर्यंत जावं, रस्ता काही संपत नाही. इथं कुठूनही निघा, पुढं पाणी. पहिल्या महिन्यात मला मजा वाटली होती. आता वाटेवरची सगळी कुत्री ओळखीची झालीत, मी दिसले तर उठतसुद्धा नाहीत.

रविवारी अक्कम्मा सोबत असते. धक्क्यावर इडल्या विकते, साठीची आहे, आंध्रातली. आपल्या गल्लीत विणकरांच्या पोरींबरोबर खेळून जेवढी तेलुगू आली तेवढ्यावर आमचं चालतं. ती समुद्राकडं बघतही नाही, चालताना नुसत्या सुनेच्या कागाळ्या सांगते. मला ते फार बरं वाटतं. बाकीचे सहा दिवस ‘सिस्टर, गोळी’ याच्यापुढं माझ्याशी कुणी बोलत नाही. आईनं दिलेलं ज्वारीचं पीठ इथल्या दमट हवेनं कडू झालं, तरी दोन महिने मी ते टाकलं नव्हतं. एवढं एकटं वाटतं बघ.

चालताना अण्णा आठवतात. नळाला पाणी सोडायच्या दिवशी व्हॉल्व्हची ती लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचे आणि मी मागं मागं. गल्लीच्या तोंडाशी चावी फिरवायचे, आणि ‘आलं का वो पाणी, वैनी?’ विचारत शेवटच्या घरापर्यंत जायचे. आलं म्हटल्याशिवाय गल्ली सोडायचे नाहीत. लोक हसायचे त्यांना. मीसुद्धा हसायचे.

तू कार्डाचा फोटो पाठवलास. अण्णांचा प्रथम स्मृतिदिन, सोळा फेब्रुवारी. सोबत लिहिलंस, की आईनं ठरवलंय, त्या दिवशी सगळ्यांत आधी मी बोलायचं. आत्या अजून टोचून बोलते म्हणे, बापाला शेवटचं बघायलाबी आली न्हाय म्हणून. आणि आई तिला म्हणते, ‘समिंदरानं अडिवलं माज्या लेकीला. न्हायतर ती ऱ्हायली असती व्हय?’ हे वाचलं आणि हा कागद पुढं ओढला.

संघपाल, त्या दिवशी बोट बंद नव्हती.

फेब्रुवारीत इथला समुद्र आपल्या कंबर तलावासारखा शांत असतो. सोलापुरात हे कुणाला ठाऊक असणार? बोटीला गर्दी असली की आधी जागा कुणाला द्यायची, त्याची चिठ्ठी आमच्या दवाखान्यातून जाते. आजारी माणूस, बाळंतीण, घरात मयत झालेलं कुणी. ती चिठ्ठी मीच लिहिते. त्या दिवशी स्वतःच्या नावाची लिहिली. जागा मिळाली. अक्कम्मानं वाटेत खायला इडल्या बांधून दिल्या. सगळे चढले. दोर सोडणारा माणूस माझ्यासाठी थांबला, आणि मी त्याला हातानंच ‘जा’ म्हटलं. मग तुला फोन केला. समुद्र खवळलाय, बोट बंद आहे, उद्या सुटली तर येते.

तुम्ही अण्णांना बर्फावर ठेवलंत. दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत माझी वाट बघितलीत. ते दोन्ही दिवस मी बेटाला फेऱ्या मारत होते. अक्कम्मानं मला वाळूत बघितलं, पण आजवर एका शब्दानं विचारलं नाही.

भ्याले मी. अण्णांच्या तोंडाकडं बघायला भ्याले.

आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. हे तुला माहीत नाही, आईलाही नाही. म्हणाले, ‘छातीत जळजळतंय गं. डावा हातबी जड झालाय जरा.’ मी चप्पल घालत होते. इथं सहाच्या आत अंधार पडतो, त्याआधी फेरी मारून यायची होती. म्हटलं, ‘भजी खाल्ली असणार तुम्ही. पित्ताची गोळी घ्या आणि पडा.’ ‘बरं, तू म्हंतीस तर,’ म्हणाले. दोन मिनिटांत फोन ठेवला आणि मी फिरायला गेले.

डावा हात जड. हेच एखादा परका म्हणाला असता तर मी त्याला तसाच गाडीत घालून दवाखान्यात नेला असता. बारा वर्षं हेच काम करते. आणि घरातली नर्स पडा म्हणाली, म्हणून रात्री दुखणं वाढलं तरी त्यांनी तुला उठवलं नाही. शेजारच्या खोलीत होतास तू. उठवलं असतं तर दवाखाना दहा मिनिटांवर होता.

वर्षभर तू स्वतःला दोष देतोस, मला जाग कशी आली नाही म्हणून. प्रत्येक फोनवर म्हणतोस. मी गप्प ऐकून घेत आले. हे सगळ्यांत वाईट केलं मी. तुझी काही चूक नव्हती रे.

आता आईला माझ्या बाजूनं भांडू देऊ नको. तिला तू सांग, नाहीतर मी येऊन सांगते. दहा तारखेच्या बोटीला मी चढणार आहे. सोळाला मला बोलायला उभं केलंत तर हेच बोलेन, आत्याच्या समोर. दारातून परत जा म्हणालात तर परत जाईन, तमाशा करणार नाही.

नावाच्या वर ‘तुझी ताई’ लिहायला हात धजला नाही. ते लिहायचं की नाही, तू ठरव.

धम्मप्रिया