मधला कपॅसिटर

नांदेड, रविवार दुपार.

सर, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. लिहायला बसले की आपल्या वर्गातली मुखेडची ती मध्ये यायची आणि मी वही मिटायचे. माफ करा.

काल ती घरी आली होती. लातुरात तिचे क्लासेस आता तीन मजली आहेत. मी इथे दुसऱ्याच्या क्लासमध्ये ॲम्प्लिफायरचा धडा चाळीस मिनिटांत उरकते. ती तुमच्या नावाने प्रयोगशाळा काढते आहे. "उद्घाटनाला छावणीची गोष्ट तूच सांग," म्हणाली. "तू होतीस की तिथं."

होते. त्याआधी आठवडाभर कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होते. माझ्या ॲम्प्लिफायरचे तिन्ही टप्पे वेगवेगळे मोजले तर उत्तम, जोडले की आवाज पडायचा. तुम्ही मान हलवता. "एकेक लई छान हाय गं. पण पुढचा टप्पा मागच्यावर ओझं टाकतो, ते तू धरलंच न्हाईस. सगळे एकटे एकटे हुशार!" वर्ग हसला. मग तिचा सुरू केला, आणि तुमचा खर्जातला आवाज जसाच्या तसा स्पीकरमधून आला. "हाव! ह्याला म्हणायचं काम." सगळे गेल्यावर मी तिच्या बोर्डावरचा, पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याला जोडणारा कपॅसिटर काढला. दहा मायक्रोफॅरडच्या जागी पाव मायक्रोफॅरडचाही नसलेला बारका बसवला. त्यातून उंच स्वर पुढे जातात, खालचे अडतात. परीक्षकांपुढे तुमचा आवाज डब्यातून आल्यासारखा यावा आणि तिची मान खाली जावी, एवढंच मला हवं होतं.

परीक्षक आलेच नाहीत. भूकंप झाला. तुम्ही तोच बोर्ड उचलून औशापुढच्या छावणीत नेलात, आम्हा दोघींनाही नेलंत. दवाखान्यात असलेल्या जखमींची नावं वाचायची होती. शेजारी जनरेटर धडधडतोय. तुम्ही पहिलं नाव वाचता. आवाज पत्र्यासारखा, पण अगदी स्वच्छ. जनरेटरची घरघर माइकमध्ये शिरत होती, पण ती खालच्या स्वरांची, त्या कपॅसिटरपाशीच अडली. गर्दीच्या पार टोकाला एक म्हातारी ओरडली, "माज्या लेकीचं नाव घेतलं की वो!"

"घरघर काढलीस की गं पोरी!" तुम्ही मुखेडच्या तिच्या डोक्यावर हात ठेवलात. "मी काही न्हाई केलं सर," ती म्हणाली. खरं तेच म्हणाली. तुम्हाला तो विनय वाटला. मी शेजारी वायर गुंडाळत राहिले.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहिते. म्हातारी ओरडली त्यानंतरही मला तिची लेक दिसत नव्हती, तुमचा तो हात दिसत होता. वाईट व्हावं म्हणून केलेल्या कामाची शाबासकी मागता येत नाही, हे मला कळतं. तरी काल ती बोलत असताना मी मनात तीच मागत होते.

उद्या: क्लासच्या आधी तिला फोन करून सांगणे, कपॅसिटर मी बदलला होता, आणि कशासाठी.