वॉर्डनबाईंची खुर्ची

मंगळवार, संध्याकाळ. ओरोस.

"वसतिगृहातल्या मुलींनो, तुमचं ऐकून घ्यायला आजवर कोणी नव्हतं!" आज भाषणाची सुरुवात मी अशी केली. टाळ्या पडल्या. नव्या कायद्यात प्रत्येक वसतिगृहाला समुपदेशक मी विधानसभेत भांडून मिळवला, त्याचा अभिमान होताच.

खाली उतरल्यावर इथल्या वसतिगृहात राहणाऱ्या, आरोंदा गावच्या एका मुलीला विचारलं, "समुपदेशक बाईंशी बोलतंस मा गो?"

"बोलतंय मा. 'बरा आसा' म्हणान सांगतंय."

"खराच बरा आसा?"

"साहेबानु, त्यो बसतत वॉर्डनबाईंच्या खोलीत. वॉर्डनबाई थंयच, खुर्चेर. मगे रडाचा कसा?"

बाकीच्या हसल्या. ती नाही. निघताना तिची मैत्रीण तिच्याकडे बघत हळूच म्हणाली, "ता धड जेवना नाय. कॉलेज सोडून घराक जातंय म्हणता."

खाटा, पंखे, न्हाणीघरं, सगळं मी कायद्यात लिहिलं. बोलायला वेगळी खोली लिहिली नाही. कशी सुटली? मला बोलायला माणसांची गर्दी लागते, म्हणून? ती खुर्ची काही डोळ्यांसमोरून हलत नाही.

दुरुस्ती अधिवेशनात होईल. तोवर ती मुलगी थांबेल?

उद्याची सभा राहू दे. सकाळी स्वतः तिच्या वसतिगृहात जायचं, समुपदेशक बाईंसाठी जिन्याखालची सामानाची खोली रिकामी करून घ्यायची आणि खोलीच्या दाराला आतल्या बाजूने कडी बसवून घ्यायची.