माझ्या क्रमांकावरचे सहा फोन

३ मार्च
१. सकाळी ९.४०. पॅकिंगच्या पट्ट्यात एका कंत्राटी कामगार बाईचा हात अडकला.
२. मी आणीबाणीचं बटण दाबलं. पट्टा एका सेकंदात थांबायला हवा. चार लागले.
३. दोन बोटं गेली. शेजारी त्याच पट्ट्यावरच्या आक्का उभ्या होत्या.
४. ब्रेकची महिन्याची तपासणी माझ्याकडे. फेब्रुवारीत ठीक होता. सही माझी.
५. दुपारी नोटीस — मनावर ताण असल्यास समुपदेशकाशी फोनवर बोला. सहा बैठका, मोफत, गुप्त. फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी.

५ मार्च
आक्का पट्ट्याजवळ गेल्या की मागे सरतात. अकरा वर्षं त्याच पट्ट्यावर, पण कंत्राटी. मुकादम म्हणाला, सोमवारी उभं राहता आलं नाही तर दुसरी बाई आणतो. एचआरच्या बाईंना आक्कांसाठी समुपदेशनाचं विचारलं. ठेकेदाराची माणसं आपल्यात धरत नाहीत म्हणे.
पट्ट्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

६ मार्च
फोनवर फक्त कर्मचारी क्रमांक विचारतात. आक्कांना माझा दिला. जेवणाच्या सुट्टीत त्या हत्यारांच्या खोलीतून बोलल्या, मी दाराबाहेर उभी. कळलं तर दोघींची नोकरी जाईल! चाळीस मिनिटांनी डोळे पुसत बाहेर आल्या.
“तुझ्या नावानं रडून आले गं. तुझ्या नावाला सवय नव्हती वाटतं.”

९ मार्च
दुसरा फोन. आक्का पट्ट्यापाशी अर्धा दिवस टिकल्या. मुकादमाने दुसरी बाई आणली नाही.

१८ मार्च
एचआरच्या बाईंनी जिन्यात गाठलं. माझ्या क्रमांकावर पाच बैठका दिसतात म्हणे. गुप्त!
“आता बरं वाटतंय ना?”
हो म्हटलं. त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

२० मार्च
सहावा फोन झाला. आक्का पूर्ण शिफ्ट उभ्या होत्या. निघताना माझ्यापाशी थांबल्या.
“माझं मार्गी लागलं. तुझं काय? बटणावरून हात हलत नाही तुझा.”
तपासणी चालू आहे, म्हटलं.
“सतरा दिवस?”

२३ मार्च
सकाळी मीच फोन लावला. क्रमांक सांगितला. उत्तर — तुमच्या सहाही बैठका संपल्या आहेत.
एचआरला अर्ज दिला. त्याची नक्कल:
‘माझ्या सहा बैठका एका कंत्राटी कामगाराने वापरल्या. क्रमांक मी दिला. नाव सांगणार नाही. ही सोय कंत्राटी कामगारांनाही द्यावी. आणि एक बैठक मला हवी आहे. माझे चार सेकंद अजून संपलेले नाहीत. ३० मार्चपर्यंत लेखी उत्तर द्यावे.’