चौथी चिठ्ठी

४ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी लेक सुखरूप पोचली आणि दोन दिवसांत माझ्या घराची मालकीण झाली. माझा चष्मा कुठे असतो, हे आता मला तिच्याकडून कळतं. तुमच्या त्या पुलाच्या कामावर शाळा नाही ते एका अर्थी बरंच झालं, मला सोबत मिळाली. तिथे फोनला रेंज नाही ते त्याहून बरं, त्या निमित्ताने तू पत्र तरी लिहितेस.

यंदा शाळेत मी एक मोठं काम काढलंय. मुलं एकमेकांना छळतात, चिडवतात, एखादीला वाळीत टाकतात, ते बंद करायचं. वर्गशिक्षकावर ढकलून मोकळं व्हायचं नाही, सगळ्या शाळेने मिळून करायचं. शिपाई, माळी, बसचा ड्रायव्हर, कँटीनच्या बाई, सगळ्यांना प्रशिक्षण. जिन्याखाली काय चालतं ते माळ्याला सगळ्यात आधी कळतं आणि मुख्याध्यापिकेला सगळ्यात शेवटी, हे मी वीस वर्षांत शिकले.

वाचनालयाबाहेर एक निळी पेटी लावली आहे. तिच्यात टाकायच्या चिठ्ठीवर तीनच प्रश्न छापलेत: काय झालं, कुणी केलं, तुला काय हवं. दर सोमवारी सगळ्या शिक्षकांसमोर पेटी उघडायची आणि एकही चिठ्ठी उत्तराशिवाय ठेवायची नाही, असा नियम मी स्वतः केलाय. नमुन्याची एक कोरी चिठ्ठी सोबत पाठवते. पूलवाल्यांनी त्रास दिला तर भरून पाठव.

एक विचारायचं होतं. आधीच्या शाळेत लेकीला नेमकं काय झालं होतं? तू नुसतं 'झालं काहीतरी' म्हणून विषय बदलतेस. मला कळलं तर लक्ष ठेवता येईल.

तुझा लोभ आहे ते मला माहीत आहे, तो दोन ओळींवर भागवू नकोस.
तुझी,
ताई

१५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी निळी चिठ्ठी मी शिलाई मशीनच्या वर टाचणीने लावून ठेवली आहे. पूलवाल्यांनी ती वाचली आणि तेव्हापासून स्वतःचं ताट स्वतः उचलतात. नियम चांगला आहे तुझा.

तू विचारलंस म्हणून लिहिते. घाबरली की ती शर्टाची बटणं मोजते. वरून खाली, ओठातल्या ओठात, सात. मोजून झाली की तिचा श्वास जागेवर येतो. त्यावरून तिचे बाबा तिला 'बटणी' म्हणतात. ते आणि मी, आणखी कुणीही नाही. तिथल्या मुलींच्या हे लक्षात आलं. एक दिवस त्यांनी तिला स्वच्छतागृहात धरलं, सगळी बटणं ओढून तोडली आणि आता मोज म्हणाल्या. दोन्ही हातांनी शर्ट आवळून धरत ती घरी चालत आली. दोन महिने ती घराबाहेर एक शब्द बोलली नाही.

तुला ठाऊक आहे, इथे मी उंचावर चढणाऱ्यांचे सुरक्षा पट्टे शिवते. त्याच दोऱ्याने मी तिची बटणं पुन्हा लावली. दोन माणसांचं वजन पेलणारा दोरा आहे तो. तिच्यासमोर बाबांना पकड घेऊन बटण ओढायला लावलं. ते घामाघूम झाले, बटण हललं नाही. ती हसली, आणि मगच तुझ्या शाळेत यायला तयार झाली.

हे मी तिला न विचारता लिहिते आहे. कुणालाही सांगणार नाही असं मी तिला वचन दिलं होतं. तुला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं, असं मी धरत नाही. पण हे तुझ्यापाशीच ठेव.

तुझी माया तिच्यावर आहेच, माझ्या वाटणीचीही तिलाच दे.
तुझी,
धाकटी

२० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. प्रशिक्षण पार पडलं. साठ माणसं सभागृहात होती. नुसते नियम सांगितले की माणसं जांभया देतात, म्हणून मी एका मुलीची हकीकत वाचून दाखवली. बसचा ड्रायव्हर, एवढा धिप्पाड माणूस, डोळे पुसत होता. कँटीनच्या बाई नंतर येऊन म्हणाल्या, की आता प्रत्येक पोरीकडे वेगळ्या नजरेने बघेन.

आणखी एक बातमी. बारा सप्टेंबरला शिक्षण खात्याची समिती येते आहे. आमची शाळा नमुना म्हणून निवडली तर हीच पद्धत आणखी चाळीस शाळांत जाईल. पेटी तीन आठवडे रिकामी आहे, यापेक्षा मोठा पुरावा कोणता.

लेकीच्या शर्टाची चार बटणं खेळताना तुटली. तुझ्या दोऱ्याचं कौतुक ऐकलं होतं, पण मुलांपुढे कुणाचं काय चालतं. मी साध्या दोऱ्याने लावून दिली. जरा गप्प असते, वाढीचं वय आहे. काळजी करू नकोस.

कामाच्या धबडग्यातही तुझी आठवण असते, तीच लोभाची खूण समज.
तुझी,
ताई

३० ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न.

मी बरी आहे. तू बरी आहेस ना? बाबांचा खांब पाण्यातून वर आला का?

मला बटणं नसलेला शर्ट शिवून पाठवशील का? चेन असली तरी चालेल. गणवेशात चालत नाही म्हणाले तर मी बाईंना विचारीन.

इथे सगळ्यांना माहीत आहे. मी जिन्यावरून गेले की वर्गातल्या मुली 'बटणी, किती झाली?' विचारतात. बटणी हे नाव त्यांना कसं कळलं? मी कुणाला सांगितलं नाही. बाबा तर तिकडेच आहेत. तू कुणाला सांगितलंस का? सांगितलं असशील तरी मी रागावणार नाही, पण मला खरं कळव.

मी निळ्या पेटीत तीन चिठ्ठ्या टाकल्या. सोमवारी उत्तर येतं म्हणतात. चार सोमवार झाले. मावशीला विचारायचं नाही असं मी ठरवलंय, कारण ती समितीच्या कामात असते.

पुढचं पत्र मोठं लिहीन.
तुझी

६ सप्टेंबर

ताई,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

लेकीचं पत्र आलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे बटणं खेळताना तुटली. ताई, तो दोरा खेळताना तुटत नाही. पकडीने तुटला नाही. तो कापावा लागतो, आणि त्याला धारदार कात्री लागते. म्हणजे कुणीतरी घरून कात्री घेऊन आलं होतं. तू ती बटणं हातात घेऊन परत लावलीस, कापलेली टोकं तुला दिसली असणार. शिवण तुला आईने शिकवली, मला तू शिकवलीस.

'बटणी' हा शब्द मी जन्मात एकदाच कागदावर लिहिला, तुला लिहिलेल्या पत्रात. सभागृहात तू कुणाची हकीकत वाचलीस? आणि तिच्या तीन चिठ्ठ्या कुठे आहेत? पेटी रिकामी होती म्हणतेस.

लेक मला विचारते आहे की मी कुणाला सांगितलं का. मी काय उत्तर देऊ ते तूच कळव. परतीच्या टपालाने.

धाकटी

१५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद लिहायचा हक्क राहिला आहे का माहीत नाही. तरी लिहिते.

तुझं पत्र अकरा तारखेला आलं. समितीचं आटपल्यावर उघडलं असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. त्याच संध्याकाळी वाचलं, आणि बाराला नवी साडी नेसून सभागृहात उभी राहिले.

तुझ्या पत्राचं पान मी प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत छापलं. नावं झाकली, शाळा झाकली, शेवटचा परिच्छेद काढून टाकला. मला वाटलं, एवढं खरं लिहिलेलं मी शंभर पुस्तकांत शोधलं तरी मिळणार नाही. 'बटणी' झाकायचं राहिलं. ते नाव आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही, मला तो वाक्यातला गोड शब्द वाटला. एका शिक्षिकेने पुस्तिका घरी नेली. तिची मुलगी लेकीच्याच वर्गात आहे. सात बटणं, ओठ हलवणं, तिला ओळखायला वेळ लागला नाही.

चिठ्ठ्या मला सापडल्या. अक्षर मीच गिरवून घेतलेलं, कसं चुकेल. चावी माझ्याकडे असते. सोमवारआधी उघडून मी त्या काढून घेतल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. सगळ्यांसमोर वाचल्या असत्या तर ही आग माझ्याच पुस्तिकेने लावली हे उघड झालं असतं. समिती होऊन जाऊ दे, मग शांतपणे निस्तरू, असं ठरवलं. मनाला सांगत होते की चाळीस शाळांतल्या मुलींचं भलं होणार आहे. माझ्या घरातली एक मुलगी रोज समोर बसून जेवत होती आणि मी तिला शाळा कशी झाली असंही विचारत नव्हते, उत्तराची भीती होती म्हणून.

शाळा निवडली गेली. आता सगळ्या पुस्तिका परत घेतल्या आहेत. तिला तू काहीही सांग, पण मावशीने सांगितलं हे एवढं सांगू नकोस. ती माझ्याकडेच राहते गं.

लोभ मागत नाही. पत्राचं उत्तर तेवढं दे.
ताई

४ ऑक्टोबर

ताई,

लेकीला मी खरं कळवलं. लिहिलं, की वचन मोडलं ते मी. एकाच माणसाला सांगितलं. तिने उलट टपाली विचारलं, कोणाला. मी तुझं नाव लिहिलं. आधी मी तिची फसवणूक केली, मग तू आम्हा दोघींची. तिच्याशी आता आणखी एक खोटं बोलायची माझी तयारी नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही.

शनिवारी तिला न्यायला येते. स्टँडवर येऊ नकोस, वाट मला माहीत आहे. इथे शाळा नाही, ते आम्ही बघू. तिचे बाबा रात्रपाळी मागून घेत आहेत.

पण जायच्या आधी तिला तिचा सोमवार मिळाला पाहिजे. म्हणून शनिवारी लगेच निघत नाही, सोमवारपर्यंत थांबते. सोबत तुझीच नमुन्याची चिठ्ठी भरून पाठवते आहे. जुलैपासून मशीनच्या वर होती, थोडी तेलकट झाली आहे. नियम तुझाच आहे, तेव्हा पेटीत टाक. पर्समध्ये तीन आहेत, त्या हिच्यासोबत ठेव. सोमवारी सगळ्या शिक्षकांसमोर उघड, माळ्याला, ड्रायव्हरला आणि कँटीनच्या बाईंनाही बोलव, आणि चारही मोठ्याने वाच. मी मागच्या बाकावर लेकीला घेऊन बसेन.

हे पत्र खाजगी नाही. छापायला हरकत नाही.

धाकटी

(सोबतची निळी चिठ्ठी)

काय झालं?
मी घरातली गोष्ट विश्वासाने सांगितली. ती साठ माणसांत वाचली गेली. नंतर माझ्या मुलीने तीनदा मदत मागितली, ती लपवली.

कुणी केलं?
माझ्या सख्ख्या बहिणीने. ती या शाळेची मुख्याध्यापिका आहे.

तुला काय हवं?
पेटीची चावी माळ्याकडे द्या.