काळी चार, पांढरी पाच

२१ सप्टेंबर

आज पुन्हा तेच. विहारात सराव होता. ललिताताईने गाणं काळी चारच्या पट्टीत धरलं आणि दुसऱ्या कडव्यात पांढरी पाचला येऊन टेकली. अर्धा सूर खाली! मी भाता सोडला. पेटी बंद. सुशांतची ढोलकी एकटीच थोडी पुढे गेली आणि थांबली.

"काय झालं गो?" — कुशाबाकाका. गाण्याची पार्टी त्यांचीच.

"ताई उतरली."

खरं तेच सांगितलं. तर ताई चपला घालून निघूनच गेली. काकांनी सगळ्यांना घरी पाठवलं, मला मात्र थांबवून घेतलं. म्हणाले, "निशा, तुझ्यासारखी पेटी कोण नाय वाजवत. पण पुन्हा मधेच थांबलीस, तर नाते गावच्या कार्यक्रमाला दुसरा पेटीवाला नेईन."

नात्याचा कार्यक्रम चौदा ऑक्टोबरला आहे. मला जायचंय! या पार्टीशिवाय मला कुठे कोणी बोलावत नाही.

२२ सप्टेंबर

बसवत नाही. सकाळपासून ओटीवर येरझाऱ्या. हायवेवर प्रत्येक ट्रकचा हॉर्न वेगळ्या पट्टीत, दोन एकदम वाजले की दात शिवशिवतात. आईचा मिक्सर पांढरी दोन. पोलादपुरात शांत असं काही नाहीच.

एकदा ऐकलेलं गाणं माझ्या बोटांत येतं, त्याचं सगळ्यांना कौतुक. पण समोरच्याला वाईट वाटलंय, हे मला तो निघून गेल्यावर कळतं. लहानपणी शेजारी वेडी म्हणायचे. मग मुंबईच्या डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. आई अजून भेटेल त्याला ऐकवते, "माझी पोर येडी नाय. तिचं डोकंच येगळं हाय."

आईला विचारलं, सूर चुकला तर चुकला म्हणायचं नाही का? ती भाकरी थापत होती.

"आमटीत मीठ कमी पडलं तर तुझे पप्पा काय करतात?"

"वरून घेतात."

"मग!"

मग काय? पुढे सांगितलंच नाही तिने. राग आला.

२५ सप्टेंबर

पप्पा काही न बोलता मीठ घेतात. म्हणजे ताई उतरली की मीपण काही न बोलता उतरायचं! पण ती कधी उतरणार, हे आधी कसं कळावं?

३ ऑक्टोबर

सापडलं! डोळ्यांत बघायला मला जमत नाही, म्हणून मी ताईच्या गळ्याकडे बघत होते. सूर सुटायच्या जरा आधी तिची हनुवटी वर जाते. तेवढ्यात पट्टी बदलायची.

दोन गाण्यांत जमलं. पण अंगावर मुंग्या चढल्यासारखं होतं — मुद्दाम चुकीच्या पट्टीत वाजवायचं म्हणजे! तिसऱ्या गाण्यात हात अडलाच. काकांनी गाणं पहिल्यापासून घ्यायला लावलं.

९ ऑक्टोबर

जेवण जात नाही. ताई अजून माझ्याशी बोलत नाही.

१४ ऑक्टोबर

नात्याहून आलो. मंडपात लाउडस्पीकर सारखा शिट्टी मारत होता, उठून पळावंसं वाटत होतं. तिसऱ्या गाण्यात ताईची हनुवटी वर गेली. तिचा सूर खाली यायच्या आत मी पांढरी पाचवर होते. ती आली आणि आम्ही दोघी तिथून पुढे गेलो. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मला हसूच आवरेना.

येताना टेम्पोत ताई माझ्याशेजारी येऊन बसली. "खाली आलीस ना माझ्यासाठी?"

"हो."

मग माझ्या कानाशी आली. "जवळचं बोलणं कळतं, पण गाताना पेटी ऐकू येत नाय गो आताशा. ढोलकी अंगाला लागते, तेवढी कळते. सूर अंदाजानं घेते मी. कोणाला बोलू नको. कळलं तर माझं गाणं बंद होईल."

मी म्हणाले, "कोणी विचारलं तर? मला खोटं बोलता येत नाही."

ताईने माझ्याकडे पाठ केली. महाड मागे पडलं तरी रस्त्याकडेच तोंड करून होती. तिला फार वाईट वाटलं होतं, आणि या वेळी मला ते ती शेजारी असतानाच कळलं.

१९ ऑक्टोबर

सराव. सुशांतने मोबाईलवर नात्याचं रेकॉर्डिंग लावलं. काकांनी तिसऱ्या गाण्यात थांबवायला सांगितलं.

"हितं पट्टी बदलली. कोण उतरलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, नेहमी मीच सांगते ना! ताई खाली सतरंजीकडे बघत होती. दुसरा पेटीवाला येणार, हे मी धरूनच चालले.

"मी. माझी पट्टी चुकली."

जन्मात माझी पट्टी चुकलेली नाही. तिथल्या सगळ्यांना ते माहीत होतं. काकांनी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरं," म्हणाले. "पुढच्या टायमाला पण अशीच चुकत जा."